‘डोनट होल’ची गोष्ट : आकड्यांआधी नियम वाचा

आज माझी एक चूक सांगते. पीएचडीच्या पहिल्या वर्षातली. तुम्ही सिनॉप्सिस लिहायला बसला असाल, तर उपयोगी पडेल.

माझी एमएस्सी संख्याशास्त्रातली, आणि पीएचडीचा विषय आहे वृद्ध रुग्ण औषधं मधेच का सोडतात. संदर्भवाचनात अमेरिकेतले निवृत्त लोक वर्षाच्या उत्तरार्धात गोळ्या कमी करतात असं वाचलं आणि टिपणात लिहून टाकलं, ‘रुग्णांचा निष्काळजीपणा’. मॅडमनी एकच प्रश्न विचारला : "गोळ्या थांबल्या तो महिना कोणता? आणि तोच का?"

उत्तर शोधायला मला 1965 पर्यंत मागे जावं लागलं.

त्या वर्षी जुलैमध्ये राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी मेडिकेअरच्या कायद्यावर सही केली. 65 वर्षांवरच्या लोकांना सरकारी आरोग्य विमा मिळाला. हॉस्पिटल आलं, डॉक्टरची फी आली. पण औषधाच्या दुकानातून आणून घरी घ्यायच्या गोळ्या त्यात नव्हत्या. तेव्हा मोठा खर्च हॉस्पिटलचाच असायचा. पुढे रक्तदाब, मधुमेह, कोलेस्टेरॉल यांसाठी रोजच्या गोळ्या वाढल्या आणि ही उणीव बोचू लागली.

1988 मध्ये ती भरून काढणारा कायदा झाला. पण त्याचा खर्च वृद्धांनीच उचलायचा होता, आणि जास्त उत्पन्न असलेल्यांना वर्षाला 800 डॉलरपर्यंत जादा भार पडणार होता. त्यातल्या अनेकांना जुन्या कंपनीकडून औषधांचा विमा आधीच मिळत होता. म्हणजे पैसे आत्ता भरायचे आणि हाती नवं काहीच नाही! ऑगस्ट 1989 मध्ये शिकागोत चिडलेल्या वृद्धांनी खासदार डॅन रोस्टेन्कोव्स्की यांची गाडी अडवली. वर्ष संपायच्या आत तो कायदा रद्द झाला.

पुढचा मोठा प्रयत्न 2003 चा. आता दोन अडचणी होत्या. एक, दहा वर्षांसाठी साधारण 400 अब्ज डॉलर एवढीच तरतूद. दोन, 1989 ची आठवण : लाभ मोजक्या आजारी लोकांनाच मिळाला, तर बाकीचे पुन्हा भडकणार. म्हणून सुरुवातीच्या खर्चाला मदत द्यायची, फार मोठ्या खर्चाला द्यायची, आणि पैसे पुरत नाहीत म्हणून मधला भाग रिकामा सोडायचा, असं ठरलं. तोच ‘डोनट होल’. डोनटच्या मधे भोक असतं ना, तसं. कनिष्ठ सभागृहात पहाटे जवळजवळ तीन तास मतदान उघडं ठेवून 220 विरुद्ध 215 मतांनी हे विधेयक निघालं. औषधांच्या किमतींबाबत सरकारने कंपन्यांशी घासाघीस करायची नाही, अशी अटही त्यात होती.

1 जानेवारी 2006 पासून ‘पार्ट डी’ सुरू झालं. आता कागद-पेन घ्या. समजा एका आजोबांची औषधं महिन्याला 300 डॉलरची आहेत. त्या वर्षीच्या ठरावीक योजनेत पहिले 250 डॉलर त्यांचे. त्यापुढे एकूण बिल 2,250 होईपर्यंत त्यांचा वाटा 25 टक्के, म्हणजे 500. ही मर्यादा साडेसात महिन्यांत, ऑगस्टच्या मध्यावर संपते. तिथून बिल 5,100 होईपर्यंत सगळा खर्च त्यांचा. त्यांचं वर्षाचं बिल 3,600, म्हणजे डिसेंबरपर्यंत ते भोकातच! साडेसात महिन्यांत 750 भरणारे आजोबा उरलेल्या साडेचार महिन्यांत 1,350 भरतात. प्रीमियम चालूच. जानेवारीत मोजणी पुन्हा शून्यापासून.

आता सांगा, ऑगस्टनंतर गोळी अर्धी करणारा हा माणूस निष्काळजी आहे का?

पुढे 2010 च्या कायद्याने हे भोक हळूहळू बुजवत आणलं. 2022 च्या कायद्याने इन्सुलिनचा वाटा महिन्याला 35 डॉलरवर आणला आणि 2025 पासून औषधांवरच्या स्वखर्चाला वर्षाला 2,000 डॉलरची मर्यादा घातली. घासाघीस न करण्याची अटही सैल झाली. पहिल्या दहा औषधांचे ठरवलेले दर जानेवारी 2026 पासून लागू झाले.

म्हणजे 2007 ची आकडेवारी आणि 2025 ची आकडेवारी तुम्ही एकाच तक्त्यात टाकलीत, तर दोन वेगवेगळे नियम एकत्र मोजाल. आलेख खाली येताना दिसला, की आधी विचारा : त्या दिवशी, त्या माणसाच्या खिशातून किती जात होते?

मी टिपणातले ते दोन शब्द खोडले. आता माझ्या तक्त्यात ‘महिना’ आणि ‘विम्याचा टप्पा’ असे दोन नवे रकाने आहेत. तुमच्या विषयात असा लपलेला नियम कोणता आहे? सिनॉप्सिस देण्याआधी एकदा शोधून बघा.