अकरा महिन्यांच्या कराराआधी : चांद्याच्या भाडेकरूचा कायदा

🧵 १/ चंद्रपुरात खोली भाड्याने घेणाऱ्याच्या हाती आज बहुधा अकरा महिन्यांचा करार पडतो. पण ३१ मार्च २००० पूर्वी येथील भाडेकरूचा मुख्य आधार करारनामा नव्हता. एक सरकारी आदेश होता, आणि तोही मुंबईचा नव्हता.

२/ १८५४ मध्ये नागपूरचे भोसले राज्य खालसा झाले आणि चांदा इंग्रजी अमलाखाली गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. त्यामुळे येथील कायदे मुंबईत नव्हे, नागपुरात घडले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरटंचाईत १९४६ चा अधिनियम आला व त्याखाली ‘मध्य प्रांत व वऱ्हाड घरभाडे नियंत्रण आदेश, १९४९’ निघाला.

३/ त्याचा कणा म्हणजे खंड १३. भाडे नियंत्रकाच्या लेखी परवानगीवाचून मालकाला भाडेपट्टा संपवण्याची नोटीसही देता येत नसे. एकूण तीन महिन्यांची थकबाकी, परस्पर पोटभाडेकरू ठेवणे, मालकाची स्वतःची खरी गरज अशी ठरावीक कारणे सिद्ध करावी लागत. परवानगीनंतर नोटीस, नोटिशीनंतर दिवाणी दावा. खटल्याआधीच एक खटला!

४/ रिकाम्या घरावरही सरकारची नजर असे. घर रिकामे होताच मालकाने कळवायचे. जिल्हाधिकारी ते शासकीय नोकराला किंवा फाळणीतल्या विस्थापिताला देण्याचा हुकूम काढू शके.

५/ १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. भाडेकायदे मात्र तीनच राहिले. पश्चिम महाराष्ट्रात मुंबईचा १९४७ चा, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा, विदर्भात हा आदेश. वर्धा नदीपलीकडचा राजुरा तर हैदराबाद संस्थानातला; तो १९५९ मध्ये चांदा जिल्ह्याला जोडला गेला. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला.

६/ ‘महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९’ने तिन्ही कायदे रद्द केले, प्रलंबित दावे तेवढे जुन्याच नियमांनी चालले. हा कायदाही परिशिष्टांत नमूद केलेल्या क्षेत्रांपुरताच आहे.

७/ मग अकरा महिने कशासाठी? १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एका वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ते टाळण्याची ही जुनी युक्ती. १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ ने ती निरर्थक केली. करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोवर उलट सिद्ध होत नाही. मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

८/ तरीही सही करण्यापूर्वी शीर्षक वाचावे. ‘भाडेपट्टा’ असेल तर आपण भाडेकरू. ‘लिव्ह अँड लायसन्स’ असेल तर केवळ परवानाधारक. कलम २४ नुसार मुदत संपल्यावर घर सोडले नाही, तर सक्षम प्राधिकारी ते रिकामे करवू शकतो आणि दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते.

९/ जुन्या आदेशाने भाडेकरूला स्थैर्य दिले, पण मालकाला स्वतःच्याच घरासाठी वर्षानुवर्षे हेलपाटे घालायला लावले. आज नियंत्रकाची ती परवानगी उरलेली नाही. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी शहरात आलेल्याचे छप्पर आता बरेचसे त्या कागदावरच्या शब्दांवर अवलंबून आहे.