गोविंदभाई श्रॉफ आणि मराठवाड्याचा हिशेब

औरंगपुऱ्यांतील सरस्वती भुवन ही संस्था १९१५ सालीं निघाली. आज छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखलें जाणारें हें शहर तेव्हां निजामाच्या राज्यांत होतें. कचेरीची भाषा उर्दू. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचें शिक्षणहि उर्दूंतच. घरांत मराठी बोलणाऱ्या मुलास शाळेंत मराठी भेटावी यासाठीं खटपट करावी लागे. पुढें ज्या पुरुषाचें नांव या संस्थेशीं कायमचें जोडलें गेलें, तो जन्मानें गुजराती घराण्यांतला होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. प्रांताचा अभिमान रक्तानेंच यावा लागतो असें नाहीं.

गोविंदभाई श्रॉफ यांचा जन्म २४ जुलै १९११ रोजीं विजापुरास झाला. कलकत्त्यास गणिताचें उच्च शिक्षण घेऊन ते औरंगाबादेस शिक्षक झाले. डाव्या विचारांचा संस्कार त्यांनीं कलकत्त्याहूनच बरोबर आणला होता. १९३८ सालीं हैदराबाद स्टेट काँग्रेस धड जन्मास येण्यापूर्वींच निजाम सरकारनें तिच्यावर बंदी घातली. ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला आणि पाठोपाठ नोव्हेंबरांत औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं वंदे मातरम् म्हणण्याचा हट्ट धरला. ती ठिणगी थेट हैदराबादेपर्यंत गेली. गोविंदभाईंनीं नोकरी सोडली ती याच काळांत.

त्यानंतरचीं दहा वर्षें स्वामी रामानंद तीर्थांच्या खांद्यास खांदा लावून गेलीं. एक भगव्या वस्त्रांतला संन्यासी, दुसरा मार्क्स वाचलेला गणिती. परंतु जोडी जमली. १९४७ च्या ऑगस्टांत स्वामीजी तुरुंगांत गेल्यावर दिगंबरराव बिंदू यांच्या अध्यक्षतेखालीं जी कृति समिति झाली, तींत गोविंदभाई होते. राज्याच्या सरहद्दीबाहेर छावण्या पडल्या, आणि सप्टेंबर १९४८ मध्यें हिंदी फौजा आंत शिरेपर्यंत त्या चालल्या. १७ सप्टेंबरला निजामानें शरणागति पत्करली. बहुतेक देशभक्तांचें चरित्र येथें संपतें व मंत्रिपदाचें सुरू होतें. गोविंदभाईंना मंत्रिपद कधींच लाभलें नाहीं. ते काँग्रेसमधूनहि बाहेर पडले.

त्यांचें खरें काम याच्या पुढचें आहे. १९५३ सालीं नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणांत खर्च होईल आणि मागासलेल्या मराठवाड्याकडे विशेष लक्ष दिलें जाईल, असा शब्द त्यांत होता. १९५६ मध्यें हैदराबाद राज्याचे तीन तुकडे झाले; औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड व उस्मानाबाद हे पांच जिल्हे मुंबई राज्यांत आले आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत. त्याच १९५६ सालीं घटनेच्या ३७१ व्या कलमांत विकास मंडळांची तरतूद झाली. मात्र ती राष्ट्रपतींना ‘करतां येईल’ अशी होती, ‘केलीच पाहिजे’ अशी नव्हे. या एका क्रियापदाची किंमत मराठवाड्यानें अडतीस वर्षें मोजली.

येथें स्कॉटलंडची आठवण होते. १७०७ सालीं तो देश इंग्लंडशीं एक झाला तो लेखी तहानें. आपला कायदा, आपलें धर्मपीठ त्यानें राखून ठेवलें. तेथील राष्ट्रीय पक्षाच्या विनी ईविंग १९६७ मध्यें हॅमिल्टनची पोटनिवडणूक जिंकून पार्लमेंटांत गेल्या, आणि १९९९ सालीं एडिंबरोस पुन्हां पार्लमेंट भरलें तेव्हां पहिल्या बैठकीच्या अध्यक्षस्थानीं त्याच होत्या. त्यांचें शस्त्र मतपेटी. गोविंदभाईंना वेगळें राज्य नको होतें. दिलेला शब्द पाळला जावा एवढेंच त्यांचें म्हणणें होतें, आणि त्यासाठीं त्यांचीं शस्त्रें म्हणजे परिषदा, निवेदनें व आंकडे. १९७४ च्या विकास आंदोलनांत विद्यार्थी रस्त्यावर उतरले, त्याचें नेतृत्व गोविंदभाईंकडे आलें. मनमाडहून येणारी अरुंद रेल्वे रुंद व्हावी, औरंगाबादेस उच्च न्यायालयाचें खंडपीठ व्हावें, या मागण्या वर्षानुवर्षें चालल्या. खंडपीठ १९८१ च्या ऑगस्टांत बसलें.

या चरित्रांतील अवघड पान १९७८ चें आहे. विधिमंडळानें मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव देण्याचा ठराव केला, तेव्हां गोविंदभाई विरोधकांत उभे राहिले. ‘मराठवाडा’ हें नांव झगड्यानें मिळालेलें आहे, तें पुसलें जाऊं नये, ही त्यांची भूमिका. तिकडे खेड्यापाड्यांत दलितांचीं घरें जळलीं, माणसें मेलीं. ज्या बाबासाहेबांनीं १९५० सालीं याच शहरांत मिलिंद महाविद्यालय काढलें, त्यांचें नांव प्रांताच्या अभिमानास परकें कसें वाटावें? मराठवाड्याचा अनुशेष मोजणाऱ्या या काटेकोर माणसाच्या हिशेबांत मराठवाड्यांतल्याच दलितांचा अनुशेष आला नाहीं, असें म्हणणें भाग आहे. १४ जानेवारी १९९४ रोजीं दोन्ही नांवें एकत्र आलीं.

त्यांची बाजू सर्वांत भक्कम ठरली ती आंकड्यांत. अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या समितीनें १९८४ सालीं राज्याचा एकूण अनुशेष ३१८६.७८ कोटि रुपये ठरविला. पैकीं मराठवाड्याचा ७५०.८५ कोटि. सभेंत टाळ्या घेणारी तक्रार आतां सरकारी कागदावर आली. त्याच वर्षीं विधिमंडळानें विकास मंडळांचा ठराव केला, आणि मंडळें प्रत्यक्षांत आलीं १९९४ मध्यें. गोविंदभाई तेव्हां ब्याऐंशी वर्षांचे होते. १९९२ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें होतें, परंतु त्यांच्या लेखीं मोठी गोष्ट ही मंडळांचीच असावी.

२१ नोव्हेंबर २००२ रोजीं ते वारले. मंडळांची मुदत वेळोवेळीं वाढविण्यांत आली. ३० एप्रिल २०२० रोजीं ती संपली.