मेलेल्या पेशींचा पसारा

वसई-विरारहून लोकल पकडून परळच्या टाटा रुग्णालयात शेक घ्यायला जाणारं कुणी ना कुणी आपल्या ओळखीत असतंच. हे रुग्णालय १९४१ सालचं. क्ष-किरणांनी आनुवंशिक गुण बदलतात, हे त्याआधीच, १९२७ मध्ये, मुलरने फळमाशीवर दाखवलं होतं. म्हणजे किरण दुधारी!

टाटांच्याच खारघरच्या संशोधन केंद्रात डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने २०१८ साली मांडलं, की किरणांनी मेलेल्या पेशींतून डीएनएचे तुकडे बाहेर पडतात आणि शेजारच्या निरोगी पेशींत शिरून त्यांचाही डीएनए मोडतात. हे तुकडे निकामी करायला त्यांनी प्रतिपिंडं जोडलेले नॅनोकणही वापरले. इजा कमी झाली. अर्थात, प्रयोगशाळेतून माणसापर्यंतची वाट लांब असते. तोवर ठरलेला शेक चुकवू नका, शंका डॉक्टरांनाच विचारा.