पाऊस सारखाच, नुकसान वेगवेगळं

२२ जुलै २०२१ रोजी चिपळूण बुडालं. दोष पावसाला दिला गेला. पण पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला, नुकसान मात्र सारखं झालं नाही. असं का, ते शहराच्या इतिहासात पाहा.

चिपळूण वाढलं ते खाडीच्या व्यापारावर. गोवळकोट बंदरात उतरलेला माल कुंभार्ली घाटाने देशावर जाई, म्हणून बाजारपेठ पाण्याजवळच बसली. पुढे कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणीही वाशिष्ठीत येऊ लागलं. नदीत गाळ साचला, काठावर इमारती उठल्या. जुलै २००५च्या पुराने इशारा दिला होता. तरीही १६ वर्षांनी एका कोविड रुग्णालयात पाणी शिरलं, वीज गेली आणि आठ रुग्ण दगावले.

ज्यांना माडी होती, ते वर चढले. तळमजल्यावरच्या भाडेकरूचा संसार आणि बीपी-शुगरच्या गोळ्याही वाहून गेल्या. नंतर चिखल उपसणाऱ्यालाच लेप्टोचा धोका जास्त.

म्हणून पावसाळ्याआधी महिनाभराची औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत उंचावर ठेवा. पूर ओसरल्यावर ताप आला तर अंगावर काढू नका. आणि घर घेताना आधी पूररेषा विचारा.