'न' : एका अक्षराची कुळकथा

अथेन्स शहरांतील एखाद्या दुकानदारास आपण कांहीं विचारलें आणि तो 'ने' म्हणाला, तर सौदा जमला असें समजावें. कारण ग्रीकांच्या आजच्या बोलींत 'ने' म्हणजे 'होय'. तेथून उत्तरेची सरहद्द ओलांडून बल्गेरियांत पाऊल टाकतांच त्याच उच्चाराचा अर्थ 'नाहीं' असा होतो. आणि बल्गेरियन मनुष्य होकार देतांना मान आडवी हलवीत असल्यामुळें परक्या प्रवाशाची फजिती दुप्पट होते. तुर्कांच्या भाषेंत 'ने' म्हणजे 'काय?'. कोरियांत पुन्हा 'होय'. जपानांत वाक्याच्या शेवटीं 'ने' जोडलें म्हणजे ऐकणाराची संमति मागणारा, आपल्या 'नाहीं का?' सारखा आर्जवाचा सूर निघतो. मराठींत 'ने' ही आज्ञाहि आहे. 'न' ह्या एका व्यंजनास एक आखूड स्वर लागतांच पृथ्वीच्या पाठीवर इतके परस्परविरोधी अर्थ निर्माण व्हावेत, ह्याचें कुतूहल कोणासहि वाटेल.

अशा वेळीं आमच्याकडील कांहीं हौशी मंडळी लागलीच कुळी जुळवूं लागतात. जपानी 'ने' आणि आपला 'ना' एकच, सबब जपानी भाषेंत संस्कृताचा अंश आहे, असे सिद्धांत आम्हीं पुष्कळ ऐकले आहेत. आम्हांस ही पद्धति मुळींच मान्य नाहीं. माणसाच्या मुखांतून सहज निघणारे ध्वनि थोडे, आणि एका अक्षराचे शब्द प्रत्येक भाषेस हवेच असतात. तेव्हां दूरदूरच्या भाषांत त्यांची टक्कर होणें अटळ आहे. नात्याचा पुरावा एका शब्दाच्या साम्यानें होत नाहीं. शब्दांच्या रांगाच्या रांगा एकाच नियमानें बदललेल्या दाखवाव्या लागतात. ही कसोटी लाविली म्हणजे जपानी व कोरियन 'ने' आपल्या घरचा ठरत नाहीं. तुर्की 'ने' हाहि नाहीं. ग्रीकांचें कुळ आपलेंच, परंतु त्यांचा होकारार्थी 'ने' नकाराच्या शाखेंतला नव्हे. त्यांनीं प्राचीन काळींच स्वतंत्र नकारासाठीं 'ऊ' असा निराळा शब्द पत्करला, आणि जुना नकार त्यांच्याकडे 'अ', 'अन्' ह्या उपसर्गांत मुख्यतः उरला. जुन्या 'ने'ची जागा अशी मोकळी झाल्यावर तेथें होकार येऊन बसला तरी कोणाचा घोटाळा होण्यासारखा नव्हता!

आतां खरी भावकी पाहूं. संस्कृत 'न', फारसी 'न' आणि 'ना', लिथुएनियन 'ने', रशियन 'न्ये', जुन्या लॅटिनांतील आणि जुन्या इंग्रजींतील 'ने' हीं सारीं एका मूळ नकाराचीं रूपें आहेत. संस्कृतांतील 'अधर्म', 'अनंत' ह्यांतला 'अ' अथवा 'अन्', वर सांगितलेला ग्रीक 'अन्', लॅटिनांतील 'इन्' आणि इंग्रजींतील 'अन्' हे उपसर्गहि त्याच बीजाचे अंकुर होत. स्वर गळून उरलेल्या नुसत्या 'न्'चे ते अवशेष आहेत.

पण ह्या भावकीचा इतिहास सर्वत्र सारखा झाला नाहीं. डेन्मार्कचे भाषापंडित येस्पर्सन ह्यांनीं १९१७ सालीं नकारावर एक स्वतंत्र निबंध प्रसिद्ध केला. त्यांत त्यांनीं दाखविलें कीं, हा चिमुकला शब्द बोलतांना झिजतो, मग त्यास बळकटी आणण्यासाठीं दुसरा शब्द जोडीस घ्यावा लागतो, आणि कालांतरानें तो मदतनीसच मालक होऊन बसतो. लॅटिनांतील 'नोन्' म्हणजे मुळांत 'एकहि नाहीं'. फ्रेंचांत 'पा' म्हणजे पाऊल. 'मी एक पाऊलहि चालत नाहीं' अशा वाक्यांत तो शब्द प्रथम 'ने'च्या जोडीस आला, पुढें जेथें चालण्याचा संबंध नाहीं तेथेंहि शिरला, आणि आजच्या बोलींत फ्रेंच मनुष्य 'ने' खुशाल गाळतो व नुसत्या पावलानेंच नकार देतो. इंग्रजींतील 'नॉट' हाहि असाच 'कांहींएक वस्तु नाहीं' अशा जुन्या जोडशब्दाचा संक्षेप आहे. मराठींतहि असे मदतनीस कांहीं थोडे नाहींत. 'तसूभर हलला नाहीं', 'तिळमात्र शंका नाहीं', 'काडीचा उपयोग नाहीं' असें आपण रोज बोलतों. पण तसू, तीळ आणि काडी ह्यांपैकीं कोणासहि नकाराची गादी बळकावतां आली नाहीं.

ह्याचें कारण आमच्या मतें असें कीं, मराठींत 'न' एकटा राहिलाच नाहीं. तो क्रियापदाच्या पोटांत शिरून बसला. 'न' आणि 'आहे' ह्यांच्या कुळांतून 'नाहीं', 'न होय' ह्यापासून 'नव्हे', 'न ये' ह्यापासून 'नये', आणि त्यांच्या जोडीस 'नको'. 'तूं नाहींस', 'ते नाहींत', 'तुम्ही नका' अशीं रूपें चालवून नकारास पुरुष व वचन देण्याचें हें वैभव फ्रेंच किंवा इंग्रजी नकारापाशीं नाहीं. निषेधाच्या छटा तरी किती बारीक! 'हें तें नव्हे' आणि 'तें येथें नाहीं' ह्यांतील भेद इंग्रजीस एकाच शब्दावर निभावून न्यावा लागतो. 'नको' तर इतका सोयीचा ठरला कीं, दक्षिणेंतील मुसलमानांच्या दखनी बोलीनें तो आपल्याकडून उचलला, आणि हैदराबादेंत तो 'नक्को' ह्या रूपानें आजहि ऐकूं येतो.

उलट दिशेनेंहि एक पाहुणा आला. बहामनी राजवटीपासून फारसी दफ्तराच्या वाटेनें 'नापसंत', 'नाराज', 'नालायक', 'नामंजूर' असे शब्द मराठींत शिरले. ह्यांतील 'ना' हा आपल्याच 'न'चा इराणांत वाढलेला सख्खा भाऊ. म्हणजे एकच शब्द मराठीच्या घरांत दोन दारांनीं आला. एकदां प्राकृताच्या परसदारानें, दुसऱ्यांदा कचेरीच्या दिंडीदरवाजानें. 'नामंजूर' ह्या शब्दांत तर गंमत अशी कीं, मंजूर अरबी, ना फारसी, आणि शिक्का मराठी अंमलदाराचा!

येथवर 'न' निदान नकाराशीं इमान राखून आहे. परंतु ऋग्वेदांत तो एक अशी भूमिका घेतो कीं, ज्यामुळें अर्थाचा अनर्थ होण्याचा धोका प्राचीनांसच जाणवला. तेथें 'न' म्हणजे 'नाहीं', आणि 'न' म्हणजेच 'प्रमाणें'. यास्कानें निरुक्तांत ह्याचा उलगडा केला आहे. लोकभाषेंत 'न' केवळ निषेधार्थी, वेदांत मात्र तो दोन्ही अर्थांनीं येतो. ओळखण्याची खूणहि तो देतो. ज्याचा निषेध करावयाचा त्याच्या आधीं 'न' आला तर तो नकार. ज्याची उपमा द्यावयाची त्याच्या मागून आला तर ती उपमा. इंद्रास लोकांनीं देव मानिलें नाहीं असें सांगणारी ऋचा त्यानें पहिल्या प्रकारास घेतली आहे, आणि सुरेनें धुंद झालेल्यांप्रमाणें असें म्हणणारी दुसऱ्या प्रकारास. ह्या दुसऱ्या ऋचेंत नियम विसरणारा वाचक झिंगलेल्यांस शुद्धीवर असलेले ठरवील!

हा प्रश्न नुसता व्याकरणाचा नव्हता. मंत्रांस अर्थच नाहीं असें म्हणणारा कौत्स यास्काच्या पुढें उभा होता, आणि मंत्र परस्परविरुद्ध बोलतात हा त्याच्या आक्षेपांतील एक मुद्दा होता. आंधळ्यास खांब दिसला नाहीं तर तो खांबाचा अपराध नव्हे, हें यास्काचें उत्तर प्रसिद्धच आहे. आम्हांस ह्या उत्तरापेक्षां 'न'विषयींची ती लहानशी खूण अधिक मोलाची वाटते. कारण उत्तरानें प्रतिपक्षी गप्प बसतो, पण खुणेनें पुढच्या पिढ्यांस ऋचा वाचतां येते. अर्वाचीन विद्वानांनीं तीस आणखी एक आधार मिळवून दिला आहे. छंदाच्या मात्रा मोजून पाहतां, निषेधाचा 'न' पुढील स्वराशीं बहुधा मिसळून जातो. उपमेचा 'न' मिसळत नाहीं. पठण करणाराचा आवाज त्याच्यानंतर क्षणभर थांबत असला पाहिजे.

नकारांतून उपमा निघाली कशी? ह्याविषयीं एकमत नाहीं. कोणी उपमेचा 'न' एखाद्या सर्वनामापासून निराळाच निघाला असें मानतात. दुसरा पक्ष म्हणतो कीं, 'हा सिंह नव्हे, पण सिंहच जणूं' अशा बोलण्यांत नकाराच्या पोटीं सादृश्य जन्मास आलें. आमचा कल ह्या दुसऱ्या पक्षाकडे आहे. लिथुएनियन भाषेंत नकाराचाच एक भाईबंद तुलनेच्या कामीं येतो. इंग्लंडांतील ग्रामीण बोलींत 'पेक्षां' ह्या अर्थीं 'नॉर' हा नकारार्थी शब्द वापरीत. आपल्या अलंकारशास्त्रांतील अपह्नुति ही 'हें मुख नव्हे, चंद्र आहे' ह्याच तऱ्हेची. आणि वैयाकरणांनीं 'नञ्'चे सहा अर्थ मोजले, त्यांत सादृश्य अगदीं प्रथम घातलें आहे, अभाव त्याच्या मागून. मराठी वाचकास तर दूर जावयाचेंहि कारण नाहीं. शके १२१२ च्या ज्ञानेश्वरींत एका दृष्टांतामागून दुसरा दृष्टांत येतो तेव्हां त्यांस सांधणारा शब्द वारंवार 'नातरी' हा असतो. 'ना तरी', म्हणजे हें नसेल तर. पहिली उपमा पुरेशी नाहीं असें म्हणत म्हणतच कवि दुसरी पुढें मांडतो.

ह्या शब्दाच्या भावकीची एक भेट आमच्या किनाऱ्यावर झाली, तिचा उल्लेख करून हा लेख पुरा करतों. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. त्यांचा नकार सानुनासिक 'नांव' असा कांहींसा ऐकूं येणारा, लॅटिन 'नोन्'चा वंशज. गोंवेकरांचा नकार 'ना', संस्कृत 'न'चा वंशज. पुढें १९६१ पर्यंत, साडेचार शतकें, राज्यकर्ता आणि रयत एकमेकांस एकाच पूर्वजाच्या शब्दानें नाहीं म्हणत होते, आणि दोघांसहि त्याची बहुतेक काळ दाद नव्हती. पोर्तुगीज बोलींत वाक्याच्या शेवटीं 'ने' लावून होकार मागण्याची लकब आहे. तो त्यांच्या 'नाहीं का' ह्या दोन शब्दांचा संक्षेप. आपल्या 'येतोस ना?' मधील 'ना'चा तो नात्यानें भाऊ लागतो, आणि जपानी 'ने', कानास अगदीं तसाच, कोणीच लागत नाहीं.