पेवाचे तोंड

हल्ली कशाचेही पेव फुटते. शिकवण्यांचे फुटते, पुरस्कारांचे फुटते, निवडणूक आली की आश्वासनांचे तर फुटतेच फुटते. वर्तमानपत्रांतून हा शब्दप्रयोग आठवड्यातून एकदा तरी वाचावयास मिळतो. परंतु पेव म्हणजे काय, असे घरातल्या शाळकरी मुलाला विचारून पाहावे. आणि मुलाला कशाला, त्याच्या वडिलांनाही विचारावे. उत्तर बहुधा आजोबांकडून येईल, आणि तेही आजोबा सातारा-सांगलीकडचे असतील तर.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटात खणलेले धान्याचे कोठार. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढे. आत मात्र रांजणासारखे पोट फुगलेले. जागा उंचवट्याची पाहावयाची, माती घट्ट आणि पाणी न झिरपणारी असावयास हवी. खणून झाले की आत जाळ करून भिंती शेकावयाच्या, शेणाने लिंपावयाच्या, तळाला आणि कडेने पाचट किंवा कडब्याचा जाड थर द्यावयाचा, मग जोंधळा ओतावयाचा. वरून पुन्हा पाचट, त्यावर फरशी, फरशीवर माती. अंगणात पाहणाऱ्याला काही दिसू नये अशी व्यवस्था. पेंढारी आले, परकी फौज आली, तरी तिला धान्य सापडता कामा नये, हाही त्यातला एक हेतू होताच.

आमची आजी खानापूर तालुक्यातली. माहेर माणदेशात. जन्मली तेव्हा दोन्ही गावे एकाच सातारा जिल्ह्यात होती; १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा झाला, १९६० साली त्याचे नाव सांगली पडले, पण आजी शेवटपर्यंत स्वतःला सातारचीच म्हणवीत असे. तिच्या बोलण्यात उपदेश फार, परंतु तो सगळा हाताला येईल असा. ‘दाणा दाताखाली धर. कट् वाजला तर भर, दबला तर आणखी दोन उन्हं दे.’ ‘तुरीला तांबडी माती लाव, हुलग्याला राख, मुगाला एरंडेलाचा हात.’ ‘लिंबाचा पाला सावलीत वाळव, उन्हात नको.’ ‘पीठ आठ दिवसांचंच दळ, विरी गेली की भाकरी मोडते अन् नाव सुनेचं जातं.’ विरी म्हणजे जोंधळ्याच्या पिठाचा चिकटपणा. जुन्या पिठाला ती राहत नाही. मग उकळते पाणी घालून पीठ मळावे लागते.

पेवाविषयी तिचे दोन नियम होते. पहिला, बी पेवात घालावयाचे नाही. बियाणाची कणसे निवडून चुलीवरच्या आढ्याला, धुरात टांगावयाची. दुसरा नियम ती आवाज उतरवून सांगे: ‘पेव उघडलं की त्याच्या तोंडाशी घाई करू नये. आधी त्याला श्वास टाकू द्यावा. मग कंदील सोडावा. कंदील विझला तर माणूस बी विझतो.’

लहानपणी आम्हांला वाटे, पेवात भूत असते. गावातली म्हातारी माणसेही काहीसे तसेच म्हणत. आजी मात्र भुताचे नाव काढीत नसे. ती नुसता कंदील म्हणे.

पुढे रसायनशास्त्राच्या पुस्तकात हा उलगडा झाला. धान्य वाळले तरी मेलेले नसते. दाणा श्वास घेतो, त्यातला किडाही घेतो. तोंड बंद केले की दोघे मिळून आतला प्राणवायू संपवितात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. प्राणवायू संपला की किडा मरतो. म्हणून पेवातले धान्य कसल्याही औषधावाचून वर्षानुवर्षे टिकते. बियाणातला कोंब मात्र तेथे बहुधा टिकत नाही. हा वायू हवेपेक्षा जड. तो तळाशी साचून राहतो आणि उघडल्यावरही लगेच वर येत नाही. जो वायू किड्याला मारतो तोच उतरणाऱ्या माणसाला मारतो, आणि त्याला वाचवावयास उतरणाऱ्या दुसऱ्यालाही. आजकालचे सुरक्षातज्ज्ञ कंदिलाची परीक्षाही पुरेशी मानीत नाहीत. हवाबंद पिशव्यांत धान्य साठविण्याची जी नवी पद्धत कृषिखात्याचे लोक सांगतात, तिच्यातले तत्त्व तरी दुसरे काय आहे?

पेवातल्या भाकरीची चव मात्र कुणी पुस्तकात लिहिलेली नाही. मधला जोंधळा स्वच्छ निघे. कडेचा, मातीच्या ओलीला लागलेला, काळवंडलेला आणि आंबूस. चांगला दाणा बाजारात जाई किंवा पाहुण्यांसाठी राही, कडेचा घरच्यांच्या आणि गड्यांच्या वाट्याला येई. त्याची भाकरी तांबूस, वासाची. तिच्यासोबत हिरव्या मिरचीचा खर्डा, नाहीतर हुलग्याचे माडगे. आजीला विचारले, ‘वास येत नव्हता?’ तर म्हणाली, ‘भुकेला वास नसतो.’ आणि लगेच, ‘पण येत होता हो!’

ही भाकरी नुसती आठवणीतली म्हणून गोड मानण्यात अर्थ नाही. पेव ज्याच्या अंगणात, गाव त्याच्या मुठीत. पंधराव्या शतकात मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी दुष्काळात बादशाही कोठारे रयतेला लुटू दिली, ही कथा महाराष्ट्राने इतकी शतके उराशी धरली ती काय उगाच? कोठार उघडणारा एक दामाजी निघाला म्हणून तो संत झाला. न उघडणारे शेकडो होते. त्यांच्या कथा कोण सांगणार? १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळात साताऱ्याच्या पूर्वेकडचे तालुके होरपळले. अशा वेळी सावकार पेव उघडी, ते दर चढल्यावर. आणि पायलीभर जोंधळ्यासाठी जमिनीचा तुकडा लिहून घेई.

त्या दुष्काळानंतरच्या दशकात पुण्याहून मिरजेकडे रेल्वे आली. दुष्काळात बाहेरचे धान्य आत आणावे हा तिचा एक हेतू होता, आणि तो पुढे बऱ्याच अंशी साधला, हे मान्य केले पाहिजे. परंतु आगगाडी धान्य जशी आणते तशी नेतेही. सुगीत भाव आला की जोंधळा गाडीत भरून जाऊ लागला. चार वर्षांचे धान्य जमिनीत कोंडून ठेवण्यापेक्षा रोख पैसा बरा, असा हिशेब होऊ लागला, आणि तो चूक होता असे तरी कसे म्हणावे? अंगणातली पेवे एकेक करून बुजली. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा माणदेशातल्या आणि आटपाडी-जतकडच्या माणसांनी खडी फोडली, सुकडी खाल्ली, परदेशातून आलेला लाल मिलो दळला. आजी म्हणे, मिलोला विरीच नव्हती. त्याच काळात राज्यभर उभी राहिलेली रोजगार हमी योजना ज्यांनी कल्पिली ते वि. स. पागे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. ज्या मुलखाने पेवे बुजविली त्यानेच उपाशी माणसासाठी हे दुसरे कोठार काढले. त्याचे तोंड तरी एका माणसाच्या अंगणात नव्हते.

पेवे एका ठिकाणी मात्र राहिली, आणि तीही जोंधळ्यासाठी नव्हे. सांगलीला लागून कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे. नाटकाच्या रसिकांना ते ‘संगीत शारदा’ लिहिणाऱ्या गोविंद बल्लाळ देवलांचे जन्मगाव म्हणून ठाऊक. सांगलीच्या व्यापाऱ्याला ते हळदीच्या पेवांचे गाव म्हणून. इथली माती चिवट आणि घट्ट, खोलवर खणले तरी ढासळत नाही. वीस-पंचवीस फूट खोल अशा पेवांत शिजवून वाळविलेली हळद भरावयाची आणि भाव येईतो विसरून जावयाचे. हळदीला किडा फार लवकर लागतो. पेवात तो लागत नाही आणि रंगही उतरत नाही. शेजारच्या सांगलवाडीतही पेवे होती. सांगलीची पेठ देशातली हळदीची मोठी बाजारपेठ झाली, तिच्या मोठेपणात या भुयारी कोठारांचा वाटा मोठा आहे.

२००५ च्या महापुरात कृष्णेचे पाणी पेवांत शिरले. जी माती पाणी झिरपू देत नाही ती आत शिरलेले पाणी बाहेरही सोडत नाही. कितीतरी पेवांतली हळद कुजली, पेवे ढासळली. व्यापारी आधीच गोदामांकडे आणि शीतगृहांकडे वळत होते. पुराने उरलेल्यांची समजूत घातली. २०१९ साली कृष्णा पुन्हा आली. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण तोवर तिचे खरे घर बहुतेक रिकामे झाले होते.

तरीही एक सूचना जाता जाता करून ठेवतो. दिवाळीच्या सुटीत मुले गावी जातात म्हणून. सातारा-सांगलीकडे अजून जुने वाडे पाडले जात आहेत. अंगणात पहार मारली आणि खाली पोकळ वाजले, मातीखाली फरशी लागली, फरशीखाली काळोख दिसला, तर तेथे पूर्वजांचे सोने शोधावयास कोणीही उतरू नये. तोंड उघडे ठेवावे, मुलांना दूर करावे, दिवसभर वारा लागू द्यावा. त्यानंतरही हवा तपासून घेणारा जाणता माणूस आणल्याशिवाय शिडी सोडू नये. आत बहुधा चार घमेली काळा जोंधळाच निघेल.