हिम, कुरण आणि पाहुणा

स्वित्झर्लंडचें नांव निघतांच हिमाच्छादित शिखरें, टुमदार हॉटेलें आणि बर्फावरून घसरत जाणारे हौशी प्रवासी यांचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु ज्या शेतकऱ्यांच्या भूमीवर हें चित्र रंगलें, त्यांच्या लेखीं हिम ही शोभेची वस्तु कधींच नव्हती. त्या देशाच्या दक्षिणेकडील व्हॅले प्रांताचा इतिहास या दृष्टीनें मोठा बोधप्रद आहे.

येथील डोंगरी गांवांत हिवाळा पांच-सहा महिन्यांचा. तेवढे दिवस गुरें गोठ्यांत बांधावीं लागत आणि उन्हाळ्यांत कापून वाळविलेलें गवत पुरवून पुरवून घालावें लागे. गवत संपलें आणि बर्फ मात्र हटलें नाहीं, तर दावणीची गाय विकण्यावांचून गत्यंतर नसे. गांवांत गुरें किती असावींत, हें अशा रीतीनें बर्फच ठरवी. पण त्याचा उपकारहि तितकाच मोठा. त्याच्या पांघरुणाखालीं राय नांवाच्या धान्याचे कोंब थंडींतून बचावत. आणि पाऊस थोडा असलेल्या या खोऱ्यांत, वितळलेल्या हिमाचेंच पाणी कड्यांच्या अंगानें काढलेल्या पाटांनीं शेताकुरणांस मिळे.

निसर्गाच्या या मापाला गांवकऱ्यांनीं कायद्याचें रूप दिलें. टोर्बेल गांवच्या १५१७ सालच्या नियमाप्रमाणें, हिवाळ्यांत स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसतां येतील, तितक्याच गाई उन्हाळ्यांत सामाईक कुरणावर पाठवितां येत. त्याहिपूर्वीं, १४८३ च्या लेखांत, परक्यानें गांवांत जमीन घेतली तरी कुरणावर वा रानावर त्याला हक्क मिळणार नाहीं, असें बजाविलेलें आढळतें. आपल्याकडील मिरासदार आणि उपरी यांच्यांतील भेदाची येथें सहज आठवण होते. रॉबर्ट नेटिंग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञानें १९८१ सालीं या गांवावर ग्रंथ लिहिला. आणि २००९ सालीं अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनीं, सामाईक मालमत्ता लोक स्वतः सांभाळूं शकतात, या आपल्या सिद्धान्तासाठीं टोर्बेलचा दाखला घेतला.

या बंदिस्त जगांत एकोणिसाव्या शतकांत पाहुणा शिरला. जवळच्याच झेरमाट गांवीं आलेक्झांडर झाइलर यानें १८५५ सालीं मोंटे रोझा हें हॉटेल उघडलें. १४ जुलै १८६५ रोजीं एडवर्ड व्हिंपरच्या तुकडीनें मॅटरहॉर्न शिखर प्रथम सर केलें. उतरतांना सातांपैकीं चौघे कोसळून मृत्यु पावले. बचावलेल्या तिघांपैकीं दोघे, टाउगवाल्डर बापलेक, झेरमाटचेच रहिवासी होते. या दुर्घटनेनें गांवाचें नांव सर्वतोमुखीं झालें आणि पाहुण्यांची रीघ लागली.

झाइलर याच प्रांतांतला, परंतु दुसऱ्या खोऱ्यांतला. १८७१ सालीं त्यानें गांवकीचा हक्क मागितला. गांवकऱ्यांनीं तो साफ नाकारला. त्यांना संकुचित म्हणून हिणवणें सोपें आहे. परंतु गांवकीचा हक्क म्हणजे रान आणि कुरण यांतील वाटा. आणि शेंकडों पाहुण्यांना पोसणारा धनिक वांटेकरी झाल्यावर जुनें माप टिकावें कसें? तंटा अठरा वर्षें चालला. मध्यंतरीं, १८७९ सालीं, गांवकीनें स्वतःचेंच झेरमाटरहोफ हें हॉटेल उभारलें. ज्या पाहुण्याच्या यजमानाला दार बंद, त्या पाहुण्याचा पैसा मात्र हवा, असा हा पेंच होता. अखेर १८८९ सालीं वरिष्ठ सत्तेच्या दडपणाखालीं गांवाला नमावें लागलें. झाइलर १८९१ सालीं वारला. त्याच वर्षीं झेरमाटला रेल्वे पोहोंचली.

तरीहि अजून हिवाळा शेतकऱ्याचाच होता. पूर्वेकडील सेंट मॉरित्स येथें योहान्नेस बाडरुट या हॉटेलवाल्यानें १८६४ सालीं उन्हाळी पाहुण्यांना हिवाळ्यांत येऊन राहण्याचा आग्रह केला, अशी कथा सांगतात. तो पायंडा झेरमाटला पोहोंचण्यास १९२० च्या दशकाची अखेर उजाडली. मग ज्या बर्फानें गाईंची संख्या ठरवावी, तेंच बर्फ विकाऊ माल झालें. गुराखी वाटाडे झाले, मुलींना हॉटेलांत रोजगार मिळाला, तरुणांचें पोटासाठीं परदेशीं जाणें थांबलें. उलट रायचीं शेतें ओस पडूं लागलीं, आणि गोठ्याच्या जागीं पाहुण्यांचीं बिऱ्हाडें उभीं राहिलीं.

हिमाचा धाक मात्र गेला नाहीं. जानेवारी २०१८ मध्यें दरडी व हिमलोट यांच्या भयानें झेरमाटचा मार्ग बंद पडला आणि सुमारें १३,००० प्रवासी तेथें अडकले.

यांत एक गोष्ट विशेष विचार करण्याजोगी आहे. उतारावरचें गवत वेळेवर कापलें नाहीं, तर लांब गवत आडवें पडतें आणि त्यावरून बर्फ सहज घसरूं लागतें. पाहुण्याला मनोहर वाटणारें कुरण शेतकऱ्याच्या विळ्यामुळेंच कुरण राहतें. म्हणूनच स्विस सरकार आज चढणीवरचें गवत कापणाऱ्या शेतकऱ्यास अनुदान देतें. पाहुण्यानें शेतकऱ्याला नवा धंदा दिला हें खरें. परंतु शेतकरी निघून गेला, तर पाहुण्याच्या पायाखालची वाटहि फार काळ शाबूत राहणार नाहीं.